बुडाला उरलेलं

१

रसायनशाळेच्या जिन्याखाली माझी खोली आहे. खोली म्हणजे एक टेबल, गॅसची ज्योत, खिडकीखाली एक सिंक आणि फुटक्या काचेनं भरलेले खोके. मुलं काच फोडतात, मी सांधतो. चंबूची मान तुटली तर नवी लावायची, नळीला चीर गेली तर ज्योतीत मऊ करून बुजवायची, फुगवायची तिथे तोंडानं फुंकून फुगवायची. माझं शिक्षण म्हणाल तर पाटी फुटली तिथेच संपलं. पण काच घाई करत नाही आणि मीही करत नाही, म्हणून आमचं जमलं.

मळकं भांडं ज्योतीला दाखवायचं नाही, हे या कामात सगळ्यात आधी शिकावं लागतं. आधी धुवायचं, लख्ख पुसायचं, मग तापवायचं. काचेवर बोटाचा साधा ठसा राहिला आणि ती तापली, तर तो ठसा काचेत मुरतो. मग तो काढणं कुणाच्या बापाला जमत नाही. म्हणून माझा निम्मा दिवस ज्योतीपुढे जातो आणि निम्मा सिंकपुढे.

आणि काच बोलते. तापताना, निवताना मधूनच टिक् करते, कधी टिण् करते. खोलीत एकटं असलं की नवा माणूस दचकतो. पुढे सवय होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी स्वतःचीही समजूत असंच सांगून घातली आहे.

२

माझी एकुलती एक नात वरच्याच मजल्यावर शिकते. घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही, आणि मोठी झाली तरी बसल्याजागी पाय हलवायची. गाणं म्हणायची ते बेसूर, भांडायची ते कडाकडा. हसायची तेव्हा हसू संपता संपता घशातून एक उचकी निघायची, हिक् अशी. ती उचकी ऐकली की समोरचा पुन्हा हसायचा.

तिच्या उजव्या मनगटावर एक डाग होता, नखाएवढा, चंद्रकोरीसारखा. पाच-सहा वर्षांची असताना माझ्या टेबलावरची नळी तिनं उचलली होती. गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच. रडली, आणि लगेच शेजारच्या मुलींना डाग दाखवायला पळाली.

यंदा तिचं शेवटचं वर्ष. तिला एक केशरी भुकटी करायची होती. नाव फेरोसीन.

"ए आबा, ऐक ना," ती टेबलावर बसून पाय हलवत म्हणाली. "लोखंडाचा एक कण घ्यायचा आणि दोन कड्यांमध्ये दाबून बसवायचा. दोन बशांमध्ये गोटी धरल्यासारखा."

"कशाला?"

"मग तो गंजत नाही. तुझ्या सायकलीपेक्षा गुणाचा."

पहिल्या खेपेला तिचं जमलं नाही. कुबट वासाचं तेल तापवून त्यातलं हलकं तेवढं धरलं, हवा लागू न देता लोखंडाच्या क्षाराशी मिसळलं, बर्फावर ओतलं, गाळलं. सगळं केलं. पण हाती आलं ते तपकिरी. मॅडमनी सगळ्यांसमोर बाटली उंच धरली आणि विचारलं, "ही भुकटी आहे की विटांचा चुरा?" शुद्ध माल ठरलेल्या उष्णतेला झटकन वितळतो, मळका आढेवेढे घेतो. हिचा फारच आढेवेढे घेत होता. पुन्हा असाच निघाला तर वर्ष जाणार होतं.

३

"मला थंड बोट करून दे," ती म्हणाली.

थंड बोट म्हणजे बुडाशी बंद केलेली नळी. आतून गार पाणी खेळवायचं आणि ती चंबूत वरून सोडायची. चंबूतली हवा पंपानं ओढून घ्यायची, बूड तापवायचं. भुकटी न वितळताच वाफ होऊन उठते आणि गार बोटावर जाऊन बसते. कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्या जशा उडून जातात, तशी.

"चांगलं ते वर जातं, घाण बुडाला राहते," तिनं समजावलं.

"या इमारतीत उलटं आहे. मी जिन्याखाली बसतो."

"म्हणजे तू घाण?" आणि हसली. हिक्.

मी नळी ज्योतीत धरून फिरवत होतो. तिनं लहानपणापासूनचा प्रश्न विचारला. तो ती दर खेपेला विचारायचीच. "आबा, तू काचेत काय फुंकतोस रे?"

"तुझ्या आईचा राग."

"म्हणून लगेच तडकते होय!"

वर्षानुवर्षं हेच. तरी ती हसली, आणि शेवटी उचकी आली. मी काच निववायला राखेत ठेवली.

४

बोट चांगलं झालं. दुपारी मी वर जाऊन पाहिलं. हूडच्या, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या काचेमागे तेलाच्या भांड्यात चंबू तापत होता आणि बोटावर केशरी सुया धरत होत्या, अगदी गपचूप, थंडीत पत्र्यावर दहिवर धरावं तशा. इतकी देखणी गोष्ट त्या खोलीत मी पाहिली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, पुष्कळ बरं आहे, पण अजून एकदा कर.

वापरलेला चंबू नेहमीसारखा माझ्याकडे धुवायला आला. त्याच्या बुडाला काळपट थर होता, डांबरासारखा. त्यात मधोमध एक कोर होती, फिकी, नखाएवढी. थर वाळताना कुठेतरी असे आकार धरतोच. मी गरम पाणी ओतलं, ब्रश फिरवला, घाण सिंकमध्ये गेली. काच लख्ख झाली.

संध्याकाळी घरी ती मला पाण्याचा तांब्या देत होती. मनगट माझ्या डोळ्यांसमोर आलं. गुळगुळीत.

"डाग कुठे गेला गं?"

तिनं हात उलटसुलट करून पाहिला. "गेला वाटतं."

"बरं झालं," सून ओट्यापासून म्हणाली. "पोरीच्या हातावर शोभत नव्हता."

डाग जातात. वय वाढतं, कातडं ताणतं, जातात. माझ्या गुडघ्यावरचा गेला की. तो जायला चाळीस वर्षं लागली, पण गेला.

५

थंड बोटाच्या दुसऱ्या खेपेनंतर घर शांत झालं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. शेजारचा रेडिओ बंद झाला की थोड्या वेळानं कळतं ना, तसं झालं. ती टेबलाशी बसलेली होती आणि तिचे पाय जमिनीवर टेकलेले होते. केस घट्ट बांधलेले. पुस्तकं उंचीनुसार लावलेली. ती जवळून गेली की कपाट उघडल्यासारखा वास यायचा, लोकरीचे कपडे ठेवतात त्या कपाटाचा.

"माझी पोर सुधारली," सून म्हणाली. "काल मी ओरडले तर उलट एक अक्षर नाही!"

"तुझ्या ओरडण्याचा धसका घेतला असेल," माझा मुलगा म्हणाला.

"वीस वर्षं घेतला नाही तो आता घेतला होय? गप्प बसा."

सगळे हसले. नातही हसली. हसू आलं, तोंडभर पसरलं आणि संपलं. शेवटी काही आलं नाही. मी घास हातात घेऊन वाट पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी चंबू आला. बुडाचा थर या वेळी घट्ट होता, म्हणून मी तो कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवला आणि ब्रश शोधायला वळलो.

मागून आवाज आला. हिक्.

खोलीत कुणी नव्हतं. जिन्यावरून मुलं उतरत होती, दार बंद होतं. मी स्वतःला म्हणालो, काच आहे, कोमट पाण्यात बसली की बोलणारच. खात्री करावी म्हणून शेल्फवरचा दुसरा चंबू घेतला आणि तसाच घमेल्यात ठेवला. तो टिक् म्हणाला. काच जशी म्हणते तसंच. मग तिचा पुन्हा ठेवला. त्यानं टिक् केलं नाही.

तो चंबू मी धुतला नाही. बूच लावून, जुन्या शालीत गुंडाळून पिशवीत घातला. पिशवी खांद्याला लावताना आधीच्या खेपेचा, धुतलेला चंबू आठवला, आणि सिंकच्या जाळीकडे नजर गेली. जाळी स्वच्छ होती. मीच घासली होती.

६

मॅडम मला काका म्हणतात. बाई भली आहे. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, तिचा माल आता चांगला निघतोय ना?"

"चांगला? काका, मी तो इतर मुलांना दाखवते."

"मग आता पुरे की."

"मी तर कालच पुरे म्हटलं. तिचीच अजून एकदा करायची इच्छा आहे. अशी मुलगी लाखात एक." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही का काळजी करताय? खूश व्हा."

काय सांगणार? नात शहाणी झाली म्हणून तक्रार करणारा म्हातारा वेड्यांच्या इस्पितळातच शोभेल.

थंड बोट मी केलं होतं. म्हटलं, आपल्याच हातून त्यात काही वाईट गेलं असेल. ते खाली मागवून घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं. ना बुडबुडा, ना चीर. तरी टेबलाच्या कडेवर आपटलं. ती वरून आली तेव्हा मी तुकडे गोळा करत होतो.

"निसटलं गं हातून."

पूर्वीची असती तर म्हणाली असती, आबा, म्हातारा झालास रे तू, आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटली असती. ती खाली वाकली, तुकडे नीट गोळा करून तिनं खोक्यात टाकले.

"काही हरकत नाही, आबा. साध्या परीक्षानळीत बर्फ भरला तरी चालतं. तुम्ही हाताला लावून घेऊ नका."

मला तुम्ही म्हणाली. घरात मला तुम्ही फक्त सून म्हणते.

"तुझं झालंय ना पास होण्यापुरतं?" मी म्हटलं. "सोड आता, बाळ."

"अजून थोडं काहीतरी आहे त्यात."

"काय आहे?"

तिनं विचार केला. खरंच केला, मला बरं वाटावं म्हणून नव्हे. "नको ते," ती म्हणाली, आणि दार हळूच ओढून गेली.

त्या दुपारी मी बराच वेळ ज्योत पेटवली नाही.

७

शेवटच्या खेपेला मी वर गेलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. लांबट खोलीत रिकामी स्टुलं, नळाखाली एक टपटप, पंपाची घरघर. ती हूडपुढे उभी होती, माझ्याकडे पाठ. मी बाजूनं गेलो आणि दोन हातांवर थांबलो. तिनं मान वळवली नाही. ती चंबूकडे पाहत होती.

बर्फाच्या नळीवर सुया धरल्या होत्या. खाली थर काळा, पातळ. मी चंबूची काच पाहत होतो, सवयीनं, चीर वगैरे आहे का म्हणून. तेव्हा चंबूच्या काचेवर आतल्या बाजूनं एक ठिपका धुरकट झाला. पैशाएवढा. मग विरला. मग पुन्हा झाला, जरा मोठा, आणि पुन्हा विरला.

मुलं बसच्या काचेला तोंड लावून बसतात तेव्हा काचेवर असंच होतं.

मी काचेचा माणूस आहे. चंबूतली हवा पंप ओढत होता. आत हवा नसते. हवाच नाही तिथे वाफ धरायची कशानं? केशरी भुकटीच बसत असेल म्हणावं तर ठिपका केशरी नव्हता, आणि बसलेली भुकटी अशी येत-जात नाही. तो यायचा, जायचा. अगदी शांत. झोपलेल्या माणसाचा असतो तसा ठेका.

मी तिला काही सांगणार होतो, म्हणून वळलो.

ती पुढे झुकलेली होती, कपाळ आणि नाक हूडच्या काचेला टेकलेलं. तोंड किंचित उघडं. ती काच थंडगार असते, मला माहीत आहे, मीच ती पुसतो. बराच वेळ मी तिच्या ओठांपुढच्या काचेकडे पाहिलं.

काच स्वच्छ होती.

आत ठिपका आला, गेला, आला.

"आबा," ती काचेकडे पाहतच म्हणाली, "जाताना पंप बंद कराल का? झालंच आहे."

पंप मीच बंद केला. हात माझाच होता. हवा आत शिरताना बारीक शिट्टीसारखा आवाज झाला. तिनं नळी अलगद वर काढली, आणि तिच्यावरच्या सुयांकडे पाहून ती म्हणाली, "बघा, आता काहीच नाही." मी तोवर चंबू उचलला. गरम होता. माझ्या बोटांची कातडी केव्हाच मेली आहे. खिशातलं बूच मी त्याच्या तोंडावर दाबून बसवलं.

"धुऊन ठेवतो," मी म्हटलं.

"लख्ख धुवा."

८

माल पास झाला. मॅडमनी तो छोट्या बाटलीत घालून काचेच्या कपाटात ठेवला. जाणारायेणारा थांबून पाहतो. भिंगरी, म्हणजे तिला आता घरात कुणी भिंगरी म्हणत नाही, पहिल्या वर्गात आली. पुढच्या शिक्षणाला कुणी तिला नको म्हणणार नाही. सून म्हणते, घराला दृष्ट लागेल. सगळे सुखात आहेत. तिनं कुणाला दुखवलेलं नाही, दिलेलं काम वेळेवर करते, मला रोज औषध देते. तिचं छातीवरचं पांघरूण वरखाली होतं का, हे मी पाहायला जात नाही. म्हातारा माणूस आहे, लवकर झोपतो.

दोन चंबू मी घरी आणले. त्याआधी जिन्याखालच्या खोलीतच शेवटच्याची मान ज्योतीनं ओढून बंद केली. बुडाला ओलं फडकं गुंडाळलं होतं, थर तापू नये म्हणून. मळकं भांडं ज्योतीला दाखवायचं नाही, हा माझा नेम जन्मात त्या एकाच दिवशी मोडला. सांधा चांगला जमला. मग दुसऱ्याचंही तसंच केलं. ते माझ्या कपाटात शालीत असतात. घरात कुणी नसलं की काढतो, दोन्ही तळहातांत धरून ऊब देतो. मग काच धुरकट होते. कधी कधी आवाज येतो. बेसूर असं काहीतरी एकदा गुणगुणल्यासारखं झालं. काच असेल.

काल दुपारी दार वाजलं नाही. तिचं येणं हल्ली ऐकू येत नाही. मी पलंगावर बसलो होतो, एक चंबू हातात. ती उंबऱ्यात उभी.

"काय आहे त्यात, आबा?"

"काही नाही. गाळ आहे."

ती आत आली, माझ्यापुढे वाकून तिनं चंबूत पाहिलं. चिडली नाही. तिला चिडता यावं असं मला फार वाटलं. पण ते चिडणं कुठल्या चंबूत राहिलं, की पहिल्याबरोबर मीच सिंकमध्ये ओतलं, देव जाणे.

"धुवायचा राहिला वाटतं," ती म्हणाली. "द्या, मी धुते." आणि तिनं हात पुढे केला. मनगट गोरं, गुळगुळीत.

मी म्हटलं, "आधी मला विचार, मी काचेत काय फुंकतो ते."

"काय फुंकता?"

"तुझ्या आईचा राग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मोठ्या माणसानं काही गमतीचं सांगितलं की हसायचं असतं, हे तिला ठाऊक आहे. ती छान हसली. दात दिसले, हसू संपलं.

आणि माझ्या तळहातांत, उबेनं धुरकटलेल्या काचेआड, हिक्.

ती मान वळवून ऐकत राहिली. मग तिची नजर माझ्या तोंडावरून उतरली आणि चंबूवर थांबली. हूडपुढे थांबली होती तशी.

"अजून आहे की," ती म्हणाली. "आबा, द्या इकडे."

मी दिला नाही. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. घाई नाही, रागही नाही. दिवे लागायच्या वेळी सून हाक मारेपर्यंत आम्ही दोघं तसेच होतो. आज दुपारीही ती आली आहे. समोर उभी आहे. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो आहे. माझे हात हल्ली फार कापतात.